ट्रीहाऊस ऑफ हॉरर (कॉमिक)

'बार्ट सिम्पसन्स ट्रीहाऊस ऑफ हॉरर' हा अमेरिकेत १९९५ ते २०१७ या काळात हॅलोविनच्या (३१ ऑक्टोबरचा भुताखेतांचा सण) सुमारास वर्षातून एकदा निघणारा विनोदी भयकथांचा कॉमिक अंक. प्रकाशक बाँगो कॉमिक्स. 'द सिम्पसन्स' या दूरचित्रवाणी मालिकेचा जनक मॅट ग्रेनिंग याने सहकाऱ्यांसह १९९३ मध्ये ही संस्था काढली. आपल्याकडच्या दिवाळी अंकासारखेच याही अंकात बाहेरच्या नामवंतांना मुद्दाम लिहिते-रेखाटते केले जाई.

मुळात ही कल्पना कॉमिकमधूनच आलेली. १९५० च्या सुमारास ईसी कॉमिक्स या अमेरिकन प्रकाशन संस्थेने छोट्या, धक्कादायक भयकथांची मासिके लोकप्रिय केली. १९५४ मध्ये अशा कॉमिकबद्दल अमेरिकी सिनेटसमोर सुनावणी झाली, त्याच वर्षी 'कॉमिक्स कोड' ही प्रकाशकांची स्वतःवरची नियमावली आली आणि ती मासिके बंद पडली. २५ ऑक्टोबर १९९० रोजी मालिकेचा पहिला हॅलोविन भाग प्रसारित झाला तो ईसीच्या कथांवरून स्फूर्ती घेऊनच. त्यातले कँग आणि कोडोस हे एकाक्ष परग्रहवासीदेखील ईसीच्याच एका मुखपृष्ठावरून सुचले. पाच वर्षांनी हा प्रकार पुन्हा कागदावर उतरला.

विडंबनाची रीत मालिकेतच पक्की झाली होती. स्टॅन्ली कुब्रिकच्या 'द शायनिंग'मध्ये (१९८०) बर्फाने वेढलेल्या हॉटेलात नायकाला वेड लागते. १९९४ च्या हॅलोविन भागात सिम्पसन कुटुंबातल्या बापाला, होमरलाही वेड लागते, पण टीव्ही आणि बिअर नाही म्हणून! चित्रपटाची चौकट तशीच ठेवायची आणि भीतीचे कारण पात्राच्या रोजच्या खोडीत शोधायचे, ही यातली खरी करामत. शिवाय या कथा मूळ मालिकेच्या घटनाक्रमाबाहेरच्या, त्यामुळे कोणालाही बेलाशक मारता येते.

पहिल्या अंकात माइक ऑलरेड, जेम्स रॉबिन्सन आणि जेफ स्मिथ या कॉमिककारांचे काम होते. त्यातल्या 'लिटल शॉप ऑफ होमर्स' या शीर्षकातच रॉजर कॉर्मनचा १९६० चा नरभक्षक वनस्पतीचा चित्रपट डोकावतो. २००० मध्ये सर्वोत्कृष्ट विनोदी प्रकाशनाचा आयस्नर हा कॉमिक क्षेत्रातला पुरस्कार मिळाला. त्या पुरस्काराच्या मानकऱ्यांत 'मॅड' या विनोदी मासिकाचे व्यंगचित्रकार सर्जिओ आरागोनेस होते. २००३ च्या अंकात तर अ‍ॅलिस कूपर, रॉब झॉम्बी असे रॉक गायक लेखक म्हणून आले.

सर्वांत मोलाचा अंक मात्र २००५ चा. लेन वीन आणि बर्नी राइटसन या जोडीने १९७० च्या दशकात 'स्वॅम्प थिंग' हा दलदलीतला राक्षस घडवला होता. इथे त्यांनी 'स्क्विश थिंग' करून स्वतःच्याच निर्मितीची थट्टा केली. त्याच अंकात जॉन सेव्हरिन, अल विल्यमसन, अँजेलो टोरेस हे ईसीच्या काळातले चित्रकारही होते. ज्यांची मासिके पन्नास वर्षांपूर्वी बंद पाडली गेली, त्यांच्याच हातून ईसीला मानवंदना देऊन घेण्याची ही संपादकीय सूझ दाद देण्याजोगी आहे.

२००९ च्या अंकाचे संपादन सॅमी हार्कमने केले. त्याने प्रयोगशील चित्रकारांना बोलावून पात्रांची ठरलेली चेहरेपट्टी मोडायची मुभा दिली. शेवटचा, २३ वा अंक २०१७ मध्ये निघाला आणि पुढच्याच वर्षी बाँगो कॉमिक्स बंद झाली.