थर्मोस्टॅट काढल्याने जुनी फियाट थंड राहत नाही

सायनच्या सिग्नलला तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकला की सल्ला ठरलेला: ‘थर्मोस्टॅट काढून टाका, मुंबईत त्याची गरजच काय?’ हा समज साफ चुकीचा आहे. त्यापायी जिवापाड जपलेल्या पद्मिनींची, म्हणजे या जुन्या फियाटींची, इंजिनं झिजतात, याचं मला फार वाईट वाटतं.

थर्मोस्टॅट ही बहुधा मेणावर चालणारी झडप. साधारण 80 ते 88 अंशांना मेण वितळून फुगतं, झडप उघडते, इंजिनातलं पाणी थंड व्हायला रेडिएटरकडे जातं. इंजिन तापतं तेव्हा धड झडप उघडीच असते; मग काढून मिळवायचं काय? उलट इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमध्ये गाळ धरतो. शंका असेल तर झडप पातेल्यातल्या पाण्यात सोडून गॅसवर ठेवा. पाणी उकळलं तरी मिटलेलीच? मग नवी बसवा.

खरं दुखणं बहुतेक वेळा रेडिएटरमध्ये. वर्षानुवर्षं बोअरिंगचं पाणी ओतलं की नळ्यांत क्षार साचतात. गाडी बंद करून, जपून, जाळीवरून हात फिरवा: मध्येच गार लागणारे पट्टे म्हणजे तुंबलेल्या नळ्या. पंख्याचा पट्टा ढिला नाही ना, रेडिएटरच्या झाकणाचं रबर दाब धरतंय ना, तेही पाहा. दाब टिकला तरच पाणी 100 अंशांपुढेही उकळत नाही. म्हणूनच इंजिन गरम असताना ते झाकण उघडू नका.