चौकोनावर गोल

दोन चौकोनी पाट एकावर एक ठेवा आणि वरचा जरा फिरवा. आठ टोकांची चांदणी होते, मधोमध अष्टकोन उरतो. चौकोनी दालनावर गोल घुमट कसा बसवायचा, या कोड्याला विजापूरच्या गवंड्यांनी सतराव्या शतकात दिलेलं हे उत्तर. ‘गोल घुमट’ या तिथल्या प्रसिद्ध मकबऱ्यात अशाच दोन चौकोनांच्या रेषांवर एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी उभ्या आहेत. घुमटाचं बूड स्वतःच्याच वजनानं बाहेर फाकू पाहतं. कमानींवरून आत झुकलेलं जडशीळ बांधकाम त्याला उलट आत ओढतं. दालनात एकही खांब नाही, आणि वर घुमट बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा!

या कमानींचा आकार मुंबईत आणला एका स्कॉटिश माणसानं. जॉर्ज विटेट, जन्म १८७८चा, १९०४मध्ये भारतात आला. सरकारी वास्तुविशारद जॉन बेगच्या हाताखाली सुरुवात करून पुढे मुंबई सरकारचा सल्लागार वास्तुविशारद झाला. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, त्याचंच. तिथल्या मधल्या दालनात उभं राहून मान वर करा. कमानी विजापूरच्या वळणाच्या. बाहेरून घुमटाचा थाट मात्र गोवळकोंड्याचा. बांधकाम १९१४मध्ये संपलं आणि युद्धामुळे तिथे आधी लष्करी इस्पितळ थाटलं गेलं. संग्रहालय लोकांना खुलं झालं थेट १९२२मध्ये.

गेटवेची गोष्ट वेगळी. १९११मध्ये राजा पंचम जॉर्ज अपोलो बंदरावर उतरला तेव्हा ही कमान नव्हतीच. विटेटचा आराखडा १९१४मध्ये मंजूर झाला, मग समुद्रात भराव घालण्यातच काही वर्षं गेली. दगड खारोडीचा, पिवळसर. जोडीला सळयांचं काँक्रीट. दगड दाब हवा तेवढा सोसतो, पण ताण आला की तडकतो. तो ताण पोलादाच्या सळया घेतात. विजापुरात जे काम नुसत्या वजनाच्या जोरावर झालं, त्यासाठी आता पोलाद हाताशी होतं. मधला घुमट सुमारे १५ मीटर व्यासाचा. खरं सांगायचं तर विजापूरपुढे लहानच!

४ डिसेंबर १९२४ला उद्‌घाटन झालं तोवर विटेट सरकारी नोकरी सोडून टाटांकडे गेला होता; टाटांचं मुख्यालय बॉम्बे हाऊस त्याचंच. दोनच वर्षांनी, १९२६मध्ये, तो मुंबईतच वारला. गेटवेकडे येणारा सरळ, रुंद रस्ता आखलेला होता, पण पैसे पुरले नाहीत. म्हणून आजही गेटवे रस्त्याला तिरपा उभा दिसतो.