कुठवर आलं?

1982 साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात कोका-कोलाच्या बाटल्यांचं एक मशीन होतं. ते बऱ्याच जणांच्या खोल्यांपासून लांब. तिथवर चालत जावं तर बाटल्या संपलेल्या असत, नाहीतर नुकत्याच भरल्यामुळे कोमट असत. मशीनमध्ये बाटल्यांच्या सहा रांगा होत्या आणि प्रत्येक रांगेचा एक दिवा होता. बाटली विकली गेली की तो दिवा काही सेकंद लागे, रांग रिकामी झाली की लागलेलाच राही. काही विद्यार्थ्यांनी हे दिवे विभागाच्या संगणकाला जोडले आणि एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. दिवा किती वेळ लागला यावरून बाटली विकली गेली की रांग संपली, हे तो ओळखायचा. रांग पुन्हा भरली की वेळ मोजायला लागायचा आणि तीन तास झाले की त्या बाटल्या ‘गार’ म्हणून दाखवायचा. ही माहिती त्या काळच्या अर्पानेट या, इंटरनेटच्या आधीच्या, संगणकांच्या जाळ्यावरून, म्हणजे विद्यापीठाबाहेरूनही, पाहता येत असे.

जाळ्याला जोडलेल्या वस्तूंच्या इतिहासात या मशीनचं नाव अगदी सुरुवातीला येतं. या जोडणीमुळे बाटल्या लवकर गार झाल्या नाहीत, की मशीन जवळ आलं नाही. मशीन आपली स्थिती सांगू लागलं, एवढंच झालं. माझ्या मते ग्राहक म्हणून आपल्या सवयी बदलल्या त्या नेमक्या इथेच. वेगाची चर्चा फार होते. पण वस्तूने, गाडीने, पार्सलने आपण कुठे आणि कोणत्या अवस्थेत आहोत हे विचारताक्षणी सांगावं, ही अपेक्षा त्याहून खोलवर रुजली आहे.

फोनच्या नकाशावर आपल्याकडे सरकत येणारा तो ठिपकाच घ्या. गाडी चालवणाऱ्याच्या फोनला सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांचे संदेश मिळत असतात. प्रत्येक संदेशात तो कधी निघाला याची नोंद असते. इथवर यायला त्याला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. किती वेळ लागला यावरून अंतर काढायचं आणि निदान चार उपग्रहांची अंतरं जुळवून जागा ठरवायची, असं हे गणित आहे. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं, तरी अंतर 300 मीटरने चुकतं. म्हणून प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळं असतात. 2 मे 2000 पर्यंत अमेरिकी सरकार सामान्य लोकांसाठीचे हे संदेश मुद्दाम थोडे बिघडवत असे. ते थांबलं आणि अचूकता एकदम वाढली. आता मोकळ्या आकाशाखाली साधा फोन साधारण पाच मीटरपर्यंत जागा सांगू शकतो.

उंच इमारतींच्या गर्दीत मात्र संदेश भिंतींवर आपटून येतात आणि ठिपका रस्ता सोडून भलतीकडेच दिसू लागतो. अशा वेळी सॉफ्टवेअर त्याला जवळच्या, जुळेल अशा रस्त्यावर आणून बसवतं. शिवाय जागेची नोंद ठरावीक वेळाने येते, सलग येत नाही. दोन नोंदींमधला प्रवास बऱ्याचदा ॲपच रंगवून दाखवतं. म्हणजे आपण टक लावून पाहतो ती हालचाल काही मोजलेली आणि काही अंदाजाने भरलेली असते. ‘सहा मिनिटांत पोचेल’ हाही अंदाजच, त्या रस्त्यावरच्या आधीच्या आणि आत्ताच्या वेगांवरून बांधलेला.

तरीही तो ठिपका पाहून जिवाला बरं वाटतं, आणि त्याचं कारण मेंदूत आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2016 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. 45 स्वयंसेवकांना संगणकावरच्या खेळात दगड उलटायचे होते. त्याखाली साप आहे का, हे आधी ओळखायचं. साप निघाला की हाताला खरोखरचा, दुखेल असा विजेचा झटका. डोळ्यांच्या बाहुल्या आणि घाम यांवरून ताण मोजला जात होता. झटका बसणार हे नक्की ठाऊक असताना ताण सर्वांत जास्त असेल, असं वाटतं ना? तो सर्वांत जास्त होता झटक्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना. वाईट नक्की होणार हे कळण्यापेक्षा, होईल की नाही याची टांगती तलवार शरीराला अधिक छळते. ‘वीस मिनिटं उशीर होईल’ असा निरोप मिळाला की आपण शांत होतो आणि निरोपच नसेल तर दहा मिनिटांतही कासावीस होतो, हे यामुळे समजू शकतं.

एकदा ही सोय अंगवळणी पडली की मेंदू तिलाच पायरी मानतो आणि पुढचं सगळं तिथून मोजतो. यावर रमेश सीतारामन आणि शुण्मुग कृष्णन या संशोधकांचं 2012 सालचं काम मला फार बोलकं वाटतं. त्यांनी इंटरनेटवर व्हिडिओ पाहिल्याच्या 2 कोटी 30 लाख नोंदी तपासल्या. व्हिडिओ सुरू व्हायला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला की लोक सोडून जाऊ लागत आणि पुढच्या प्रत्येक सेकंदाला सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण 5.8 टक्क्यांनी वाढे. त्यातही ज्यांचं इंटरनेट जास्त वेगवान, ते आधी कंटाळत. मोबाइलवर पाहणारे तुलनेने जास्त थांबत. म्हणजे धीर हा निव्वळ स्वभाव नाही. आदल्या दिवशी काय मिळालं यावरही तो ठरतो.

पण लोकांना फक्त वेगच हवा असतो, असा निष्कर्ष काढला तर चूक होईल. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या रायन ब्युएल आणि मायकेल नॉर्टन यांनी 2011 साली प्रवासाची तिकिटं शोधणाऱ्या संकेतस्थळाची नक्कल करून पाहिली. पडद्यामागे कोणकोणत्या विमान कंपन्यांची दरपत्रकं धुंडाळली जात आहेत, हे वाट पाहताना दाखवलं, तर लोकांना ती सेवा अधिक मोलाची वाटली. तेच निकाल लगेच हातात देणाऱ्या सेवेपेक्षाही काहींना ही पसंत पडली. आपल्यासाठी कुणीतरी राबतंय हे दिसलं, की माणूस थांबायला तयार होतो.

आणि इथेच मला नकाशावरच्या त्या ठिपक्याची काळजी वाटते. त्यात गाडी दिसते, वळणं दिसतात. सिग्नलला थांबलेला, पावसात भिजलेला माणूस दिसत नाही. ठिपका दोन मिनिटं हलला नाही की आपण चिडतो ते एका चिन्हावर, आणि कमी तारे देतो ते माणसाला. श्रम दाखवल्याने आदर वाढत असेल, तर तो माणूस झाकून टाकणारी रचना हा जाणूनबुजून बदलता येण्यासारखा दोष आहे.

घरातल्या जोडलेल्या वस्तूंबाबत आपल्या अपेक्षा मात्र अजून फार तोकड्या आहेत. दिवा, कुलूप, कॅमेरा फोनवरून चालावा इतकंच आपण बघतो. प्रत्यक्षात बऱ्याच वस्तूंची आज्ञा आधी दूरच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून परत येते. तो सर्व्हर बंद झाला तर? रिव्हॉल्व्ह नावाचं, घरातली उपकरणं एकत्र चालवणारं सुमारे 300 डॉलरचं यंत्र होतं. गूगलच्या मालकीच्या नेस्टने ते बनवणारी कंपनी 2014 साली विकत घेतली आणि मे 2016 मध्ये सेवा बंद केली. लोकांच्या घरातली धडधाकट यंत्रं निकामी झाली. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूचा जीव दुसऱ्याच्या हातात असू शकतो, हे अनेक ग्राहकांना तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

कायदे हळूहळू जागे होत आहेत. ब्रिटनमध्ये 29 एप्रिल 2024 पासून जोडलेल्या वस्तूंना सहज ओळखता येणारे, सरसकट एकच असे पासवर्ड देता येत नाहीत आणि सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील, हे उत्पादकाला जाहीर करावं लागतं. युरोपीय संघात 12 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या डेटा कायद्याने, वस्तू वापरताना तयार होणारी माहिती मागण्याचा हक्क वापरणाऱ्याला दिला आहे. जिथे असे कायदे नाहीत, तिथेही पैसे मोजण्याआधी दुकानदाराला दोन गोष्टी विचारता येतात: अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळणार, आणि इंटरनेट बंद असताना ही वस्तू नेमकं काय काय करू शकते.