ब्रिटिश स्पोर्ट्स कारची घरगुती देखभाल (खानदेश)

ब्रिटिश स्पोर्ट्स कारची घरगुती देखभाल : दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीन-साडेतीन दशकांत इंग्लंडमध्ये बनलेल्या दोन आसनी, उघड्या टपाच्या गाड्या मालकाने स्वतःच्या अंगणात किंवा शेडमध्ये, साध्या हत्यारांनी चालत्या ठेवण्याची रीत. एमजी, ट्रायम्फ आणि ऑस्टिन-हीली ही यातली मुख्य नावे. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या खानदेशातल्या जिल्ह्यांत अशा गाड्या मोजक्याच आहेत. त्या टिकवायला लागणारे कसब मात्र इथे घरोघरी सापडते, कारण ते विहिरीवरच्या ऑइल इंजिनांवर, जीपांवर आणि अँबेसिडरवर तयार झालेले आहे.

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डच्या या गॅरेजचा व्यवस्थापक सेसिल किंबर याने १९२०च्या दशकात मॉरिस गाड्यांच्या सांगाड्यावर चपळ गाड्या बांधायला सुरुवात केली. १९२९ पासून १९८० पर्यंत त्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनल्या. १९४५ मध्ये आलेल्या टीसी मॉडेलच्या सुमारे १०,००० गाड्या बनल्या, एमजीएच्या (१९५५–६२) १ लाखाहून थोड्या जास्त आणि एमजीबीच्या (१९६२–८०) ५ लाखांहून अधिक. गुजरातेतल्या हालोलला बनणाऱ्या आजच्या एमजी गाड्यांशी यांचे नाते फक्त नावाचे आहे. तिथला एकही सुटा भाग इकडे चालत नाही.

नात्यातल्या गाड्या

या गाड्यांचे भाग विलायतेहून मागवावे लागतात, हा समज निम्माच खरा आहे. हिंदुस्तान मोटर्सची अँबेसिडर ही मुळात मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती. तिच्यात वर्षानुवर्षे बसवलेले १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतले होते, आणि एमजीए १५०० मध्ये हेच इंजिन दोन कार्बोरेटर लावून जास्त ताकदीचे केलेले आहे. दोन्हींच्या पिस्टनचा फेरा साडेतीन इंचांचा. एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन याच घराण्यातले. फेरा तोच, बोअर (सिलिंडरचा व्यास) तेवढा मोठा. ज्या मिस्त्रीने आयुष्यभर अँबेसिडरचे हेड उतरवले आहे, तो एमजीएचे बॉनेट उघडल्यावर बुचकळ्यात पडत नाही. रॉकर कुठे, पुशरॉड कुठे, पाण्याचा पंप कुठे, हे त्याच्या हातांना आधीच ठाऊक असते.

म्हणून जुन्या स्पेअरपार्टच्या दुकानात पडून राहिलेला अँबेसिडरचा माल सोन्याच्या मोलाचा आहे. तो डोळे झाकून मात्र बसवू नये. कॅमशाफ्ट आणि वॉल्व्ह यांची मापे स्पोर्ट्स कारमध्ये वेगळी असू शकतात, त्यामुळे आधी मायक्रोमीटर लावावा आणि मगच पैसे मोजावेत.

ट्रायम्फची गोष्ट अशीच. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून भारतात ट्रायम्फची हेराल्ड ही गाडी बनवली. ट्रायम्फ स्पिटफायर ही त्याच हेराल्डच्या रचनेवर उभी राहिलेली स्पोर्ट्स कार. पुढच्या चाकांचे सस्पेन्शन आणि स्टिअरिंग एकाच कुळातले. या सस्पेन्शनमध्ये एक जागा अशी आहे की तिथे झालेली चूक जिवावर बेतते. चाकामागच्या उभ्या दांड्याच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ते ट्रनियन नावाच्या पितळी भागात फिरतात. तिथे ग्रीस नव्हे, ९० नंबरचे गिअर ऑइल भरायचे असते. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही. वर भरलेले दिसते आणि आत लोखंड कोरडे राहून गंजते. मग एखाद्या वळणावर दांडा तुटतो आणि चाक आडवे होते. आपल्याकडे मिस्त्री ग्रीस गन घेऊन दिसेल त्या निप्पलला लावतो, म्हणून हे मालकाने स्वतः उभे राहून करून घ्यावे. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा, एवढ्या कामाने दांडा वाचतो.

पाने आणि सूत

मिलिमीटरचे पाने एमजीबीला बसत नाहीत. तिचे बहुतेक नट-बोल्ट इंचाच्या मापाचे आहेत. खानदेशातल्या लेथवर आजही सुताची भाषा चालते, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्यामुळे ‘चार सुताचा पाना दे’ म्हटले की अर्ध्या इंचाचा पाना हातात येतो. एमजीच्याच टीसी आणि टीडी या मॉडेलांचे प्रकरण जास्त गुंतागुंतीचे. त्यांच्या इंजिनाचे आटे मेट्रिक, पण बोल्टची डोकी व्हिटवर्थच्या मापाची. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये घालून दिलेल्या या पद्धतीत पान्यावरचा आकडा डोक्याची रुंदी सांगत नाही, बोल्टची जाडी सांगतो. जवळपास बसणारा दुसरा पाना लावला की कोपरे गोल होतात. जुन्या ब्रिटिश ऑइल इंजिनांना व्हिटवर्थचेच पाने लागत, म्हणून मळ्यातल्या खोपटातला गंजका पान्यांचा संच भंगारात देण्याआधी एकदा तपासावा.

कानाने आणि बोटाने

या गाड्या मालकाने दुरुस्त कराव्यात असेच गृहीत धरून बनवलेल्या होत्या. गाडीसोबतच्या पुस्तिकेत टॅपेटची फट (वॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली), पॉइंटची फट (ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांमधली), कुठल्या निप्पलला किती मैलांनी ग्रीस, हे सगळे छापलेले असे. घरगुती देखभालीचा गाभा तोच आहे.

एमजीबीच्या टॅपेटची फट इंजिन थंड असताना ०.०१५ इंच, म्हणजे मिस्त्रीच्या भाषेत ‘पंधराची पट्टी’; पट्टी म्हणजे फट मोजायचे पातळ पोलादी पाते. यासाठी नवाचा नियम लक्षात ठेवला की पुस्तक उघडावे लागत नाही. आठ वॉल्व्हना पुढून एक ते आठ आकडे द्यावेत. प्लग काढून, गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हळूहळू ढकलावी म्हणजे इंजिन फिरते. जो वॉल्व्ह पूर्ण दाबला गेला असेल त्याचा आकडा नवातून वजा करावा. येईल त्या आकड्याचे टॅपेट त्या क्षणी सेट करायचे. एक नंबर दाबलेला असेल तर आठ, तीन असेल तर सहा. पट्टी ओढताना बोटांना किंचित अडल्यासारखे वाटले पाहिजे, जड वहीखाली दबलेली पावती ओढावी तसे. सहज सरकली तर फट मोठी, अडून बसली तर लहान. पॉइंटची फट ०.०१५ इंचाच्या आसपास ठेवतात, म्हणून एकाच पट्टीवर दोन्ही कामे निघतात.

कार्बोरेटरची जोडी जुळवणे हे यातले सर्वांत सुंदर काम आहे. एसयू कंपनीच्या या कार्बोरेटरमध्ये एक पिस्टन हवेच्या ओढीने वर-खाली होतो आणि त्याला लावलेली निमुळती सुई जेटमधून किती पेट्रोल येईल ते ठरवते. आधी दोन्हींच्या डोक्यावरची पितळी टोपी फिरवून आत तेल आहे का पाहावे; साधे पातळ इंजिन ऑइल चालते. ते संपलेले असेल तर अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात दाबल्यावर गाडी अडखळते, आणि लोक उगाच पॉइंट बदलत बसतात. मग इंजिन गरम करून, दोन्ही थ्रॉटलना जोडणाऱ्या दांडीचे क्लॅम्प सैल करावेत. हातभर लांबीची रबरी नळी घेऊन एक टोक कानाला आणि दुसरे पहिल्या कार्बोरेटरच्या तोंडाशी धरावे. आत शिरणाऱ्या हवेची ‘सूंऽऽ’ ऐकू येते. नळी दुसऱ्याकडे न्यावी. आवाज बारीक असेल तर त्याच्या थ्रॉटलचा स्क्रू थोडा आत, मोठा असेल तर थोडा बाहेर. दोन्हीकडे एकच सूर लागेपर्यंत नळी इकडून तिकडे न्यायची. ही कामे मे महिन्यात पहाटे, गल्लीत रिक्षा सुरू होण्याआधी करावीत, म्हणजे कानाला शांतता मिळते.

हवा जुळल्यावर पेट्रोल. प्रत्येक कार्बोरेटरच्या बाजूला एक लहान पिन असते. ती वर ढकलून पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलावा. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर मिश्रणात पेट्रोल जास्त. इंजिन आचके देऊन बंद पडू लागले तर पेट्रोल कमी. क्षणभर वाढून पुन्हा जागेवर आले तर बरोबर. जेटखालचा षटकोनी नट खाली फिरवला की पेट्रोल वाढते, वर फिरवला की कमी होते. एका वेळी नटाची एकच बाजू फिरवायची आणि थांबून ऐकायचे.

ऊन, बोअरचे पाणी आणि नवे पेट्रोल

इंग्लंडच्या थंडीसाठी बनलेल्या या यंत्राची खरी परीक्षा जळगाव-भुसावळचा मे महिना घेतो. पारा ४५ अंशांच्या वर जातो. एमजीबीचे दोन्ही कार्बोरेटर नेमके एक्झॉस्टच्या वर बसवलेले आहेत, मध्ये फक्त पत्र्याचा आडोसा. गाडी उन्हात दहा मिनिटे बंद उभी राहिली की फ्लोटच्या डब्यातले पेट्रोल उकळून वाफ होते आणि सेल्फ कितीही मारला तरी गाडी लागत नाही. पारोळ्याच्या अलीकडे भर दुपारी माझी गाडी अशीच बसली होती. रस्त्याकडेच्या शेतातून एक आजोबा आले, म्हणाले, “काय व्हयनं भाऊ, गाडी बंद पडनी का?” आणि काही न विचारता पाटाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट आणून डब्यांवर ठेवले. त्यांचे पंपाचे इंजिनही उन्हात असेच बसायचे. चार-पाच मिनिटांत गाडी सुरू झाली. पत्र्याचा तो आडोसा जागेवर आहे आणि त्याचे अस्तर शाबूत आहे, एवढे उन्हाळ्याआधी पाहिले असते तर ती वेळ आली नसती.

या वेळी पेट्रोल पंपाचा आवाज खूप काही सांगतो. किल्ली फिरवल्यावर एसयूचा विजेचा पंप टिकटिक करतो आणि डबे भरले की थांबतो. टिकटिक थांबतच नसेल तर कुठेतरी हवा शिरते आहे किंवा टाकी रिकामी आहे. आवाजच नसेल तर पंपाचे पॉइंट चिकटलेत. लाकडी दांडक्याने हलकेच ठोकले तर घरापर्यंत पोचता येते, पण पोचल्यावर पॉइंट साफ करायलाच हवेत.

रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालू नये. आपल्या काळ्या खडकातले पाणी जड असते. बादलीत आणि माठात जे पांढरे थर धरते, तेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरते. पागोळ्यांचे साठवलेले पाणी किंवा डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट घालावे. चाळीसगावहून कन्नडकडे जाणारा औट्रम घाट रेडिएटरची अवस्था लगेच सांगतो.

पेट्रोल आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले येते. जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात, मऊ पडतात आणि त्यातून पेट्रोल झिरपते. खाली एक्झॉस्ट तापलेला असतो, म्हणजे आगीची भीती. सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालाव्यात, ही आज या गाड्यांसाठी पहिली दुरुस्ती आहे. इथेनॉल हवेतले पाणी शोषते, म्हणून महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामे करावेत. या पेट्रोलवर मिश्रण पातळ पडते, त्यामुळे जेटचा नट एखाद-दोन बाजू खाली घ्यावा लागतो. वॉल्व्हच्या सीटची झीज रोखणारे, शिसे असलेले पेट्रोल २००० साली देशभर बंद झाले. त्यानंतरही हेड उतरवले नसेल तर एक्झॉस्ट वॉल्व्हच्या सीट झिजलेल्या असण्याची शक्यता असते. लेथवर टणक सीट बसवून घेतल्या की तो प्रश्न संपतो.

वीज

१९६७ पर्यंतच्या एमजीबीमध्ये बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, आजच्या गाड्यांच्या उलट. बॅटरी बदलताना हे पाहिले नाही तर नंतर बसवलेला अल्टरनेटर क्षणात जळतो. या गाड्यांचे विजेचे सामान बनवणाऱ्या लुकास कंपनीच्या वायरिंगला रंगांची शिस्त आहे: तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी किल्लीनंतरची, हिरवी फ्यूजनंतरची, निळी हेडलाइटची, काळी अर्थची. वायरमन हाताला येईल ती लाल वायर ओढून काम भागवतो आणि पुढे कोणालाच काही उमगत नाही. रंग सांभाळावा. लाइट मंद झाला तर आधी अर्थचा सांधा घासून चकचकीत करावा, बहुतेकदा दोष तिथेच असतो.

पत्रा, लाकूड, चाके

एमजीबीला वेगळी चेसिस नाही. दाराखालचे पत्र्याचे पोकळ खांब गाडीचे वजन पेलतात. ते आतून गंजले असताना वरून पुटी लावून रंग देणे म्हणजे मालकाला फसवणे. टीसी-टीडीच्या बॉडीत अ‍ॅश लाकडाचा सांगाडा असतो. खानदेशी उन्हाने त्याचे सांधे सुकून सैल होतात आणि जमिनीवर उभ्या गाडीला वाळवी लागते. सातपुड्यातला साग टिकाऊ खरा, पण त्यातल्या तेलामुळे सरस नीट धरत नाही. सांधा स्क्रूने आवळावा.

तारांच्या चाकांचे मधले कानवाले नट डाव्या बाजूला सरळ आट्यांचे आणि उजव्या बाजूला उलट्या आट्यांचे असतात. ते तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोडीनेच ठोकावेत, आणि चाक चढवण्याआधी आतल्या खाचांना ग्रीस लावावे.

नोंदणी

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली गाडी ‘विंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांच्या क्रमांकाने नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात आणि ती १० वर्षे चालते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. मूळ स्वरूपाची अट असल्याने काढलेला प्रत्येक जुना भाग, मोडका असला तरी, चिठ्ठी बांधून पेटीत ठेवावा.