कोलन वॉटर (युडीकोलन)

कोलन वॉटर, युडीकोलन, ओडीकोलोन, कसंही म्हणा, वस्तू एकच. भरपूर स्पिरिटमध्ये साधारण 2 ते 5 टक्के सुगंधी तेल घातलेलं हलकं सेंट. ताप आल्यावर कपाळावर ठेवायच्या पट्ट्यांमुळे ते घरोघरी माहीत आहे, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही.

मूळ फ्रेंच शब्द 'ओ द कोलोन', म्हंजे कोलोनचं पाणी. यातला 'ओ' म्हंजे पाणी, आपलं 'युडी' बहुधा स्पेलिंग (Eau de) वाचून तयार झालं असावं. पोर्तुगीजमध्ये 'आग्वा द कोलोनिया', आमच्या घरी आजी नुसतं 'कोलोन' म्हणायची. विरामचिन्हाच्या कोलनशी याचा काही संबंध नाही, तो ग्रीक शब्द वेगळा.

कोलोन हे जर्मनीतलं ऱ्हाइन नदीकाठचं शहर. रोमन बादशहा क्लॉडियसची बायको अग्रिपिना इथलीच, तिच्यामुळे इ.स. 50 मध्ये या गावाला 'कोलोनिया'चा दर्जा मिळाला आणि पुढे लांबलचक नावातला तेवढाच शब्द शिल्लक राहिला. लॅटिनमध्ये कोलोनिया म्हंजे वसाहत, त्याच्या मुळाशी 'कोलेरे', जमीन कसणं. म्हंजे बाटलीवरचं कोलन आणि आपण पर्वरीला किंवा फोंड्याला राहतो ती कॉलनी एकाच मुळाची, आणि 1961 पर्यंत गोवा ज्या अर्थाने कॉलनी होता तो शब्दसुद्धा हाच. पोर्तुगीजमध्ये तर शहर, सेंट आणि वसाहत तिन्ही 'कोलोनिया'च. 1951 साली पोर्तुगालने कायद्यातून हा शब्द काढून गोव्याला 'सागरापारचा प्रांत' म्हणायला सुरवात केली, सेंटच्या नावात तो राहिला. गोव्यात राहणाऱ्याला ही व्युत्पत्ती माहीत असायलाच हवी असं मला मनापासून वाटतं.

हे सेंट पहिल्यांदा केलं कोणी, यावर वाद आहे. एक परंपरा जोव्हान्नी पाओलो फेमिनिसचं नाव घेते, तो इटलीतल्या व्हिजेत्सो खोऱ्यातून कोलोनला आला आणि 'आक्वा मिराबिलिस' म्हंजे चमत्कारी पाणी विकायचा असं सांगतात. दुसरी बाजू जोव्हान्नी मारिया फरीनाची, हाही त्याच खोऱ्यातला, जन्म 1685, भावाने 1709 मध्ये कोलोनला काढलेल्या दुकानात तो पुढे सामील झाला आणि नव्या गावाच्या मानाखातर त्याने सेंटला गावाचं नाव दिलं. फरीनांचा पत्रव्यवहार आणि हिशोबाच्या वह्या टिकून असल्यामुळे त्यांची बाजू जास्त भक्कम वाटते, फेमिनिसचं पाणी हे त्याआधीच्या औषधी अर्कांच्या जातीतलं असावं. तेव्हा ट्रेडमार्कचा कायदाच नव्हता, जर्मनीत तो 1874 ला आला, त्यामुळे फरीना हे नाव लावून विकणारे ढीगभर झाले. '4711' नावाचं कोलन विकणाऱ्या म्युलहेन्स घराण्याने सुद्धा 1803 मध्ये एका दुसऱ्याच फरीनाकडून नाव वापरायचा हक्क विकत घेतला होता, कोर्टकचेऱ्या होऊन शेवटी 1881 ला ते सोडावं लागलं आणि घराचा जुना नंबरच ब्रँड झाला. 1792 ला एका साधूने लग्नात ही रेसिपी भेट दिली ही त्यांची गोष्ट मात्र दंतकथाच धरलेली बरी.

आधी लोक हे पाणी औषध म्हणून पितसुद्धा होते. नेपोलियनने 1810 मध्ये गुप्त औषधांचे फॉर्म्युले सरकारला कळवायचा हुकूम काढला, कोलोन तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होतं, मग रेसिपी लपवायची तर औषध म्हणणं सोडून निव्वळ सेंट म्हणणं भाग होतं. आजचा अर्थ पक्का व्हायला हे मोठं कारण.

वास मुख्यतः लिंबू, संत्रं, बर्गामोट (लिंबाच्या जातीतलं एक फळ) आणि संत्र्याच्या फुलांचा, सोबत लॅव्हेंडर, रोझमेरी. अत्तरात चंदनतेलाचा आधार असतो म्हणून ते दिवसभर टिकतं, हे मात्र तासा-दोन तासात उडून जातं. पट्टीने गार वाटतं ते स्पिरिट उडताना अंगातली उष्णता घेऊन जातं म्हणून, वासामुळे नाही. लहान पोरांचं अंग मात्र याने पुसू नये, स्पिरिट कातडीतून आणि श्वासातून आत जातं, त्यांना साध्या पाण्याची घडी ठेवावी.