दाढेतली चांदी आणि तिच्यातला पारा : पार्श्वभूमी

नागपुरात मेडिकल कॉलेजच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय १९६८ सालचं. त्या पिढीत ज्यांनी दाढा भरून घेतल्या, ते आजही ‘चांदी भरली आहे’ असंच सांगतात. या चांदीत वजनाने जवळपास निम्मा पारा असतो. बाकी चांदी, कथील आणि तांबं.

चीनमध्ये इ.स. ६५९ च्या औषधग्रंथात पाऱ्यात धातू कालवून केलेल्या अशा लगद्याचा उल्लेख सापडतो. युरोपात १८२०च्या दशकात पॅरिसचे दंतवैद्य ओग्युस्त तावो चांदीची नाणी कानशीने घासून तो कीस पाऱ्यात कालवत. तोवर चांगलं भरणं म्हणजे सोन्याचा वर्ख ठोकून बसवणं. वेळखाऊ आणि महाग. १८३३ मध्ये क्रॉकर बंधूंनी हा लगदा अमेरिकेत नेला आणि तिथे भांडणच पेटलं. १८४०च्या दशकात तिथल्या दंतवैद्यांच्या संघटनेने सभासदांकडून ‘पारा वापरणार नाही’ असं लिहून घेतलं. त्या वादातच १८५६ मध्ये संघटना मोडली. विरोधात धंद्याचा स्वार्थ होता, पण पाऱ्याबद्दलची शंका खोटी नव्हती. पुढे १८९५ च्या सुमारास अमेरिकन दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांनी धातूंचं प्रमाण बसवलं, तेव्हा कुठे भरलेलं आकसणं-फुगणं आटोक्यात आलं.

भुकटी आणि पारा मोजून भरलेली कॅप्सूल येईपर्यंत हे मिश्रण हातानेच खलत. भुकटी आणि पारा काचेच्या खलात घोटायचा, गोळा फडक्यात पिळायचा, जादा पारा थेंबाथेंबाने बाहेर पडायचा. दाढेत दाबताना ताजा लगदा करकर वाजतो. या कामात सर्वांत जास्त वाफ डॉक्टर आणि मदतनीसाच्याच नाकात जायची, याची चर्चा फार कमी झाली.

कॅपचं गणित वेगळं. बस्तरचे ढोकरा कारागीर मेणाचा नमुना जाळून त्या पोकळीत धातू ओततात; तसलीच रीत अमेरिकन दंतवैद्य विल्यम टॅगार्ट यांनी १९०७ मध्ये सोन्याच्या भरणासाठी मांडली. कॅपही अशीच ओततात. १९७०च्या दशकात सोनं भडकलं आणि निकेल-क्रोमियमने जागा घेतली. निकेलची ॲलर्जी असलेल्यांनी कॅप बसवण्यापूर्वीच ते सांगावं.

पाऱ्याला उतरती कळा लागली ती प्रदूषणामुळे. पाऱ्याचा वापर आटोक्यात आणण्याच्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. युरोपीय संघाने २०२५ पासून ही चांदी जवळपास बंदच केली. दवाखान्याच्या सांडपाण्यातून आणि चितेच्या धुरातूनही हा पारा बाहेर पडतो.

म्हणून घाबरून पक्की बसलेली चांदी उकरून काढू नका; काढतानाच जास्त वाफ सुटते. फुटली असेल, खाली कीड असेल, तर भरपूर पाण्याचा फवारा आणि जोरदार सक्शन लावून काढावी. तो चुरा बेसिनमध्ये जाता कामा नये. घट्ट झाकणाच्या डब्यात वेगळा साठवायला हवा.