टॅंटलम डायसल्फाइड: इलेक्ट्रॉनी प्रावस्थांचे नियंत्रण

टॅंटलम व गंधक यांचे थरांचे संयुग. त्याचा '१टी' हा स्फटिकप्रकार कधी धातूसारखा वीज वाहतो, कधी निरोधक होतो, तर कधी अतिसंवाहक (रोध शून्य). अणू तेच, बदलते ती इलेक्ट्रॉनांनी मिळून धरलेली मांडणी, म्हणजेच प्रावस्था. ती बाहेरून विद्युत् क्षेत्र, दाब किंवा प्रकाश वापरून पालटता येते.

एक थर सुमारे ०.६ नॅनोमीटर जाड असतो. मधोमध टॅंटलम, वरखाली गंधक. थरांची एकमेकांवरची पकड सैल, त्यामुळे चिकटपट्टी लावून ओढली की पापुद्रे सुटतात. स्फटिक थंड करत नेला, की सुमारे १८० केल्व्हिनला (उणे ९३° से.) इलेक्ट्रॉनांच्या घनतेची लाट अणूंच्या जाळीत पक्की बसते. दर तेरा टॅंटलम अणूंपैकी बारा मधल्या अणूकडे सरकतात आणि सहा टोकांची चांदणी उमटते. तेरा इलेक्ट्रॉनांपैकी बारा जोडीने बसतात, उरलेला एक चांदणीतच अडकतो, आणि विद्युत् रोध एकदम दसपटीच्या घरात वाढतो. या उरलेल्या इलेक्ट्रॉनला अडकवते ते इलेक्ट्रॉनांमधले प्रतिकर्षण की वरखालच्या थरांचे जुळणे, हा वाद मिटलेला नाही. स्फटिक परत तापवताना ही मांडणी १८० ला मोडत नाही. २२० केल्व्हिनच्या आसपास मोडते.

विद्युत् क्षेत्र लावायचे ते गेटने, म्हणजे शेजारी बसवलेल्या, व्होल्टेज दिलेल्या इलेक्ट्रोडने. जाड स्फटिकापुढे मात्र गेटचे काही चालत नाही. वरच्या थरांतले इलेक्ट्रॉनच क्षेत्र अडवतात, आत काही पोचत नाही. म्हणून पापुद्रा पातळ हवा. तरीही नेहमीच्या गेटने भरता येणारे इलेक्ट्रॉन तुटपुंजेच पडतात. शांघायच्या फुदान विद्यापीठात युआनबो झांग व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये यावर तोड काढली: गेटला व्होल्टेज देऊन लिथियमचे आयन (भारित अणू) थरांच्या फटींत घुसवायचे. आयनांबरोबर इलेक्ट्रॉन आले, प्रावस्था पालटल्या आणि अतिसंवाहकताही दिसली. मात्र आयन खुद्द पदार्थात शिरत असल्याने हे निव्वळ क्षेत्राचे काम नव्हे. निम्मे रसायनच म्हणायला हवे.

दाबाखालची अतिसंवाहकता त्याआधीच, २००८ मध्ये, सुमारे ५ केल्व्हिनला आढळली होती. प्रकाशाचा परिणाम अधिक चक्रावणारा आहे. स्लोव्हेनियातील ल्युब्लियाना येथील गटाने २०१४ मध्ये थंड नमुन्यावर ३५ फेम्टोसेकंदांचा (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग) एकच लेसर स्पंद टाकला. रोध कोसळला आणि खालीच राहिला. नुसते तापवून वा थंड करून ही प्रावस्था मिळत नाही, म्हणून तिला 'छुपी' म्हणतात. पुढे विजेच्या स्पंदानेही ती साधली. स्मृतिघटकांसाठी तिचा विचार होतो तो यामुळेच. अडचण एवढीच, की ती दीर्घकाळ टिकते ती फार कमी तापमानातच. नमुना तापला की पुसली जाते.